घरातील थाळे-तबके आणि त्यांच्यावरील अक्षरे

वाचकहो, हा लेख वाचून झाला की एक काम करावे. आपल्या स्वयंपाकघरात, माळ्यावर किंवा पलंगाखालच्या पेटाऱ्यात जे सर्वांत जुने तांब्या-पितळेचे भांडे असेल ते खाली काढावे, ओल्या फडक्याने पुसावे आणि उलथे करून उजेडात धरावे. बहुधा त्याच्या काठाखाली किंवा बुडाशी बारीक ठिपक्यांची एक ओळ सापडेल. ते एखाद्या स्त्रीचे नाव असेल, गावाचे नाव असेल, सन असेल, नाहीतर नुसता एक आकडा असेल. भांड्यावर नाव घालून घेण्याची चाल आपल्याकडे हिंदू-मुसलमान सर्वांत सारखीच होती. मुलीचे लग्न ठरले की बाप भांड्याच्या दुकानी जाई, आणि दुकानदार लहान छिन्नी व हातोडी घेऊन बसल्या जागी नाव ठोकून देई. ती ठोकलेली अक्षरे म्हणजे कित्येक घरांतील एकमेव लेखी दस्तऐवज होत. घरात वंशावळ नाही, जुने पत्र नाही, फोटो नाही. पण पणजीचे नाव पातेल्यावर आहे!

अलीकडे जुनी तबके, थाळे, सुरया, पानदाने जमवून घर सजविण्याचा शौक वाढला आहे. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एखाद्या सुट्टीच्या दिवशी फेरी मारलीत तर चांगल्या कपड्यांतील मंडळी पितळेच्या तबकासाठी घासाघीस करताना दिसतील. ते तबक मग फ्लॅटच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगले जाते. या शौकाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. नवल एवढेच वाटते, की हीच मंडळी स्वतःच्या गावच्या घरातील भांडी मात्र किलोच्या भावाने मोडीत देऊन टाकतात. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आपण माणसांसाठीही वापरतो. मूळ तो भांड्यांचा आहे. मोडीच्या दुकानात भांडे तराजूत पडले की त्याची घडण, त्याचे वय, त्याच्यावरचे नाव यांची किंमत शून्य होते. उरते ते वजन, आणि त्यातूनही घट म्हणून काही कापले जाते.

भांड्यांचा इतिहास पाहण्यापूर्वी थोडे शब्दांकडे पाहू. शब्दांना मोड लागत नाही. तबक हा शब्द अरबी आहे. पानाचे तबक, ओवाळणीचे तबक असे म्हणताना मराठी माणसाला तो परका वाटत नाही, आणि ग्रामोफोनची तबकडी हे तर त्याच तबकाचे लेकरू. पेला, रकाबी, तस्त हे शब्द फारसीतून आले, सुरई अरबीतून. अत्तरदाणी, गुलाबदाणी, पिकदाणी यांच्या शेवटी जो 'दाणी' येतो तो फारसी 'दान'. परात आणि बशी हे पोर्तुगीजांचे देणे असे मानतात. उर्दूत मोठ्या तबकाला सीनी म्हणतात. तो अरबी 'सीनिया', म्हणजे चीनची. आणि आपली कल्हई? अरबीत कलई म्हणजे कथील. मलायाच्या किनाऱ्यावर कलाह नावाचे बंदर होते, तेथून कथील येई, त्यावरून हे नाव पडले असे मानले जाते. म्हणजे गल्लीत भाता घेऊन बसणारा कल्हईवाला नकळत हजार वर्षांपूर्वीच्या एका बंदराचे नाव घेऊन आरोळी देत असे.

आता मूळ विषयाकडे येऊ. मुसलमानी देशांत तांबे, पितळ आणि माती यांच्या भांड्यांना एवढी शोभा का आली, याचे एक कारण आपणा सर्वांना ठाऊक असलेल्या हदीसमध्ये आहे. सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाण्यापिण्याची मनाई आहे. राजेलोकांनी ही मनाई नेहमीच पाळली असे नाही. इतिहास तसे सांगत नाही. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक (१३५१ ते १३८८) याने आपल्या 'फुतूहात-ए-फिरोजशाही' या छोट्या ग्रंथात स्वतःच लिहिले आहे, की पूर्वी शाही दस्तरख्वानावर सोन्या-चांदीची भांडी वापरण्याचा रिवाज होता, तो त्याने बंद केला. बंद करावा लागला, म्हणजे होता! पण सर्वसाधारण सधन घरात ही मनाई मानली जाई, आणि त्यामुळे कारागिरापुढे एक आव्हान उभे राहिले. साध्या धातूला व साध्या मातीला असे रूप द्यायचे की पाहुण्यासमोर ठेवताना यजमानाला संकोच वाटू नये.

मातीचे उदाहरण आधी घेतो. इराणच्या खुरासानातील निशापूर या शहराच्या अवशेषांत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९३५ ते १९४० आणि पुन्हा १९४७ मध्ये उत्खनन केले. तेथे दहाव्या शतकातील मातीच्या थाळ्या निघाल्या. पांढऱ्या लेपावर काळ्या रंगाने, काठाला धरून कूफी अक्षरांची एकच ओळ, बाकी सारी थाळी कोरी. ना फूल, ना वेल. अक्षरे उंच ताणलेली, जणू काठावर रांगेत उभे राहिलेले लोक. मजकूर बहुधा मालकासाठी दुआ किंवा शहाणपणाची एखादी म्हण. जेवण संपत येई तसतशी ती ओळ उघडी पडत असणार. माझ्या मते जगातील सर्वांत देखण्या ताटांत या थाळ्यांची गणना व्हावी, आणि त्या आहेत कशाच्या? साध्या भाजलेल्या मातीच्या.

धातूच्या बाबतीत नाव घ्यायचे ते इराकमधील मोसलचे. पितळेवर खाचा पाडून त्यांत चांदी व तांबे ठोकून बसविण्याची कला तेथे फार उंचीला गेली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मोसलची एक पितळी झारी आहे. तिच्यावर कारागिराने आपले नाव घातले आहे, शुजा बिन मनआ. आणि ती हिजरी ६२९ च्या रजब महिन्यात, म्हणजे १२३२ साली, मोसल येथे घडविली असेही नमूद केले आहे. बादशहांच्या तारखा पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावे, की एका कासाराने आपले नाव, गाव, महिना व सन असे सगळे लिहून ठेवले आणि ते आठशे वर्षे टिकले.

याहून गमतीची कथा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील एका मोठ्या तस्ताची आहे. इजिप्त व शाममध्ये मामलूक सुलतानांचे राज्य असताना, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मुहम्मद बिन अल-जैन नावाच्या कारागिराने ते घडविले. आपले काम त्याला एवढे आवडले होते की त्याने त्यावर एकूण सहा ठिकाणी सही केली! पुढे हे तस्त फ्रान्सच्या राजघराण्याकडे गेले आणि तेथे राजपुत्रांच्या बाप्तिस्म्यासाठी वापरले जाऊ लागले. १६०६ मध्ये तेरावा लुई याचा बाप्तिस्मा याच तस्तात झाला. भांडे कोणाच्या घरी जन्मते आणि कोणाच्या घरी नांदते, याचा काही नेम नसतो. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. पुढे मला तिचा उपयोग आहे.

आपल्या देशात यावे तर अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्याचे वर्णन मुद्दाम वाचण्यासारखे आहे. सोन्या-चांदीची ताटे लाल कापडात आणि तांब्याची व चिनी मातीची पांढऱ्या कापडात बांधीत. मीर बकावल त्यावर आपली मोहोर करी आणि आत काय आहे ते लिही. विषाची भीती होती, म्हणून ही सारी दक्षता. त्यातच एक ओळ आहे, ती वाचून प्रत्येक गृहिणीला हसू येईल. बादशहाच्या वापरातील तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई होई आणि शहजाद्यांच्या भांड्यांना एकदा. मोडलेली भांडी कासारांकडे देऊन त्यांची नवी करून घेत. मोडीची पद्धत तेव्हाही होतीच!

कल्हई का लागते हे मुलांना सांगितले पाहिजे, कारण ती होताना आजच्या मुलांनी पाहिलेली नाही. तांब्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो व अंगाला बाधतो. म्हणून भांडे आधी खळखळून साफ करायचे, कोळशाच्या भट्टीवर तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, की पांढरा धूर उठतो व पृष्ठभाग स्वच्छ होतो. मग कथलाचा तुकडा टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्याने तो वितळलेला कथील झरझर सगळीकडे फिरवायचा. क्षणात लाल भांडे चांदीसारखे होते. सोन्या-चांदीची मनाई आणि कल्हईची ही चमक यांचा काही संबंध असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे. काश्मीरमध्ये वाझवानाच्या वेळी चारजण मिळून ज्या त्रामीत जेवतात ती कल्हई केलेल्या तांब्याचीच. मुंबईतील दाऊदी बोहरा कुटुंबांत सातआठजण एका मोठ्या थाळाभोवती बसतात, आधी चिलमची-लोटा फिरवून हात धुतले जातात आणि चिमूटभर मीठ चाखून जेवणास आरंभ होतो. एका थाळ्यात जेवण्यासाठी थाळाही तसा ऐसपैस लागतो. म्हणून आपल्या समाजातील जुने थाळे हिंदू घरातील ताटांहून मोठे सापडतात.

दख्खनचे खास देणे म्हणजे बिदरी. बहामनी राजधानी बिदरच्या नावाने ती ओळखली जाते. बिदर १९५६ पर्यंत औरंगाबादप्रमाणेच हैदराबाद संस्थानाच्या मुलखात होते व नंतर कर्नाटकात गेले. मराठवाड्यातील जुन्या घरांत म्हणूनच बिदरी पानदान किंवा सुरई आढळते. हा धातू मुख्यतः जस्ताचा असतो. साधारण सोळा भाग जस्त व एक भाग तांबे. त्यावर नक्षी कोरून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील जुन्या जागेची माती व नवसागर यांच्या कढत पाण्यात भांडे घातले की जस्त काळेभोर होते आणि चांदी होती तशीच पांढरी राहते. ती माती पावसाने न भिजलेल्या जागेतील लागते, असे कारागीर सांगतात. ज्यांच्या घरी बिदरी वस्तू असेल त्यांना एक विनंती: चिंच, लिंबू किंवा बाजारी पावडर लावून ती घासू नका. काळा रंग गेला की भांडे गेले. खोबरेल तेलाचा हात फिरविला की पुरे.

येथवर धातूचे झाले. पण ज्या वस्तूसाठी इराणपासून दख्खनपर्यंत सारे दरबार वेडे झाले ती चीनमधून येत होती आणि ती समुद्रमार्गे येत होती. आपल्या किनाऱ्याचा संबंध येथे येतो. बगदादचा प्रवासी अल-मसऊदी हा हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६ च्या सुमारास, सैमूर येथे आला होता. सैमूर म्हणजे कुलाब्याचे चौल. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून येऊन स्थायिक झालेले व येथेच जन्मलेले लोक होते. चौलच्या जमिनीत चिनी भांड्यांचे तुकडे सापडतात. गुजरातच्या सीमेवरील संजाण येथे २००२ ते २००४ या काळात उत्खनन झाले, तेथेही चिनी व पश्चिम आशियातील भांड्यांची खापरे निघाली. १९९८ मध्ये इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातील एक अरबी पद्धतीचे जहाज सापडले. त्यात चिनी भांड्यांचे सुमारे साठ हजार नग होते, बहुतेक साधे वाडगे. म्हणजे चिनी माती ही काही केवळ बादशहांची चैन नव्हती. ती गठ्ठ्यांनी येत होती.

हिरव्या झाकेच्या जाड चिनी थाळ्यांना 'मर्तबानी' म्हणत, ब्रह्मदेशातील मर्तबान बंदरावरून. विषारी अन्न वाढले तर अशी थाळी तडकते किंवा तिचा रंग बदलतो असा दृढ समज होता. समज खोटा होता, परंतु त्यामुळे थाळ्या मात्र जपल्या गेल्या. लोणच्याच्या बरणीला आपल्याकडे काही घरांत अजून मर्तबान म्हणतात ते त्याच बंदरामुळे.

आता या लेखात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. इराणचा शाह अब्बास याने १६११ मध्ये अर्दबील येथील आपल्या पूर्वजाच्या, शेख सफी यांच्या, दर्ग्यास आपला चिनी भांड्यांचा संग्रह अर्पण केला. ११६२ नग होते. भिंतीत कोनाडे असलेली एक खास इमारत त्यांच्यासाठी सजविली गेली, तिला चिनीखाना म्हणत. प्रत्येक भांड्यावर एक लहान चौकट कोरली, आणि तीत अब्बासने ते सफीच्या दर्ग्यास वक्फ केले अशा अर्थाचा मजकूर घातला. चिनी मातीवरील झिलई काचेसारखी कठीण. तीवर हिऱ्यासारख्या टोकाने अक्षर उमटविणे म्हणजे काय काम असेल याची कल्पना करा. पण ते केले, कारण वक्फ म्हणजे काय हे त्या काळच्या माणसाला पक्के ठाऊक होते. वक्फ केलेली वस्तू विकता येत नाही, देऊन टाकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. जमीन-इमारतीचा होतो तसा भांड्याकुंड्यांचाही वक्फ होतो.

तरीही भांडी फिरतातच. शाह अब्बासच्याही आधीची एक निळी-पांढरी चिनी थाळी आहे, द्राक्षांच्या वेलीची, पंधराव्या शतकाच्या आरंभीची. तिच्यावर सफवी शाहजादी महीन बानू हिने ती मशहदच्या इमाम रजा यांच्या दर्ग्यास वक्फ केल्याची नोंद कोरलेली आहे. महीन बानू १५६२ मध्ये वारली. त्याच थाळीवर दुसरा लेख आहे, तो हिंदुस्थानच्या शाहजहान बादशहाचा, हिजरी १०५३ चा, म्हणजे १६४३-४४ चा! वक्फची थाळी मशहदहून मोगल बादशहाच्या कोठारात कशी पोहोचली हे थाळी सांगत नाही. ती फक्त दोन्ही नावे दाखविते, आणि बघणाऱ्याने काय ते समजावे.

आमच्या कोकणात चिनी माती पुढे विलायती रूपात आली. माझे आजोबा जहाजावर भंडारी होते. भंडारी म्हणजे येथे जहाजाचा स्वयंपाकी, जातीशी संबंध नाही. बाणकोटच्या खाडीकाठच्या आमच्या गावातून सारंग, टिंडेल, खलाशी, भंडारी अशी कितीतरी माणसे विलायती कंपन्यांच्या बोटींवर असत आणि सुट्टीवर येताना बशा, वाडगे, तामचिनीची फुलाफुलांची ताटे घेऊन येत. अशा वस्तू घरी असतील तर पाठीमागील शिक्का वाचा. तो सन सांगतो. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे नुसते 'इंग्लंड' असेल तर वस्तू बहुधा त्यानंतरची, आणि 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातील. 'निप्पॉन' असेल तर १८९१ ते १९२१ मधील जपानी. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्तांच्या ताब्यात होता तेव्हाची, म्हणजे १९५२ च्या आतली. चेकोस्लोव्हाकिया हा देश १९१८ मध्ये जन्मला व १९९२ अखेर संपला, तेव्हा त्या नावाची बशी या दोन सालांच्या बाहेरची असूच शकत नाही. शाळेच्या मुलांनी घरातील कपाट उघडून हा खेळ करून पाहावा, भूगोल व इतिहास दोन्ही होतील. मात्र जुन्या रंगीत झिलईत शिसे असू शकते. अशा बशीत आंबट कालवण वाढू नका, ती पाहण्यासाठीच ठेवा.

तांब्याच्या भांड्यात हातघडण ओळखायची तर सांधा पाहावा. जुन्या भांड्यात पत्र्याचे काठ दातेरी कापून एकमेकांत बसवून डाख दिलेला असतो व ती नागमोडी रेघ बाहेरून दिसते. हातोडीच्या ठोक्यांचे, म्हणजे मठारकामाचे ठसे असतात. चोरबाजारात नवी भांडी आम्लाने काळवंडवून जुनी म्हणून विकली जातात, तेव्हा काळेपणावर भरवसा ठेवू नये. आणि खरोखर शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे, जो १९७६ पासून अमलात आला, ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आखातात किंवा विलायतेत राहणाऱ्या मुलांना पाठविण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

संग्रह करावा तर तो कसा, हे पाहायचे असेल तर पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने आयुष्यभर गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी अशा वस्तू जमविल्या आणि लहानपणी वारलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ तो सारा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजवाड्यातील रत्ने पाहायला हैदराबादचे सालारजंग म्युझियम आहेच. पण घरात माणसे कशी जगली हे केळकरांच्या अडकित्त्यांवरून अधिक कळते.

हे सर्व मी अधिकारवाणीने लिहीत आहे असे वाटेल. तसे नाही. भांडे उलथे करून पाहायला मी फार उशीर केला, ती हकीकत सांगतो.

१९६८ मध्ये मी एस.एस.सी. पास झालो. कॉलेजात नाव घालायचे तर फी, वसतिगृहाची अनामत, पुस्तके अशी एकदम रक्कम हवी होती आणि घरात ती नव्हती. आमच्या माळ्यावर तांब्याचे चार मोठे थाळे होते, दोन-दोन फूट व्यासाचे, कंगोरेदार काठाचे. मरहूम वडिलांनी त्यांतील तीन गोणपाटात बांधून दिले, आणि मी ते होडीने व मग एस.टी.ने तालुक्याच्या गावी नेऊन मोडीत घातले. तराजूत ते कसे वाजले ते अजून कानात आहे. फी भरली गेली. मी बी.ए. झालो, बी.एड. झालो, शिक्षक म्हणून तीस वर्षांहून अधिक नोकरी केली.

चौथा थाळा आईने दिला नाही. तिला तो वडे थापून ठेवायला लागे. २०११ मध्ये ती अल्लाला प्यारी झाली. वाटणीत भावांनी काही मागितले नाही, म्हणून थाळा मी मुंबईला आणला. धाकट्या सुनेला तो दिवाणखान्यात टांगायचा होता. लखलखीत व्हावा म्हणून मी एका वृद्ध कल्हईवाल्याकडे नेला. त्याने बुडाची काजळी वाळू व चिंचेने घासली, बोटाने चाचपले, चष्मा लावला आणि म्हणाला, "चाचा, ये तो वक्फ का माल है."

उर्दू अक्षरे ठिपक्यांनी ठोकलेली होती. वक्फ, आमच्या गावच्या जमातीचे नाव, हिजरी १३१८, म्हणजे १९०० चा सुमार, आणि शेवटी आकडा ३.

गावी चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. पूर्वी लग्नकार्यात जेवणाची भांडी जमातीची असत. ज्याच्या घरी कार्य त्याने नेऊन वापरावीत, घासून परत द्यावीत. ती ठेवायला मशिदीजवळ खोली नव्हती, म्हणून माझ्या पणजोबांच्या माळ्यावर ठेवली जात. पुढे माणसे मुंबईला गेली, अॅल्युमिनियमच्या देगा आल्या, जमातीत कोणी विचारले नाही आणि आमच्या घरात कोणी सांगितले नाही. जमातीच्या जुन्या नोंदवहीत ओळ सापडली: तांब्याचे थाळे ६. पुढे 'ताबा' या रकान्यात पणजोबांचे नाव.

वडिलांना हे ठाऊक होते काय? ते दुसऱ्याच्या कुंपणातून बाहेर पडलेला आंबाही उचलीत नसत. मी नेहमी स्वतःला सांगतो की त्यांना ठाऊक नव्हते. परंतु त्या दिवशी भाव ठरवायला ते स्वतः आले नाहीत, सतरा वर्षांच्या मुलाला पाठविले, हे मला तेव्हा खटकले नव्हते, आता खटकते. मी ज्या फीवर शिकलो ती कोणाच्या भांड्यांची होती हे मला वयाच्या साठीला कळले.

थाळा सुनेने टांगला नाही. मी तो गावी नेऊन दिला. जमातीच्या वडीलधाऱ्यांनी भरपाईचे नाव काढले नाही. उलट, पोर शिकले, चीज झाले, असे म्हणाले. त्यांचा तो मोठेपणा होता. पण माझे समाधान होईना. पुण्याच्या तांबट आळीत क्रमांक ३ चे माप देऊन त्याच घाटाचे तीन थाळे करवून घेतले आणि तेही जमातीकडे दिले. नाव घालताना कारागिराने विचारले, आकडे कोणते टाकू? मी विकले ते थाळे कोणत्या क्रमांकाचे होते ते मला ठाऊक नाही, तेव्हा उलटे करून पाहिलेच नव्हते. त्यामुळे नव्या थाळ्यांवर वक्फ हा शब्द, जमातीचे नाव व सन आहे. आकड्याची जागा कोरी सोडली आहे. नोंदवहीत सेक्रेटरीसाहेबांनी माझ्यासमोर लिहिले: थाळा क्र. ३, परत.

सहांपैकी अजून दोन थाळ्यांचा पत्ता लागलेला नाही. खाडीकाठच्या गावांतील वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर कंगोरेदार काठाचा, दोन फुटांचा जड थाळा असेल, तर कृपया एकदा उलथा करून पाहावा.